कपाटातलं मॅग्नम घेऊ का?

पलूस तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात देतो.

"आबा, माझं वय ३६. ऊस आणि द्राक्षबाग आहे. परवान्यावर दोन हत्यारं आहेत. एक आजोबांची बारा बोअरची दुनळी, दुसरं मी घेतलेलं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर. साताऱ्यातल्या माझ्या मित्राच्या वडिलांचं अमेरिकन बनावटीचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे. मोठ्या फ्रेमचं, सहा इंची नळीचं. वडील दीड वर्षापूर्वी वारले, तेव्हापासून ते चामड्याच्या कव्हरात घालून कपाटातच ठेवलंय. मित्र साडेसहा लाख म्हणतोय. परवा मी ते हातात घेऊन बघितलं आणि मन तिथंच अडकलं. मिरवायला नको, संरक्षणाला .३२ आहेच. रविवारी शेताच्या बांधावर नाहीतर रेंजवर निशाणा मारायचा, एवढीच हौस. घेऊ का? आणि जुनं घेताना काय बघायचं?"

दादा, मी फौजेत चोवीस वर्षं आर्मरर होतो. हत्यारं खोलायची, दुरुस्त करायची आणि पोरांच्या हातात सुरक्षित द्यायची, हेच माझं काम. त्यामुळे तुमचं मन कुठं अडकलं ते मला नीट कळतं. जुन्या मोठ्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर हाताने फिरवलं की जो आवाज येतो, तो ऐकल्यावर माणूस दुकानातून सहज उठत नाही. पण तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मी थांबलो: "तेव्हापासून ते कपाटातच आहे."

शस्त्र परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. मित्राचे वडील गेले त्या दिवशी त्या रिव्हॉल्व्हरवरचा परवाना संपला. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं २१ वं कलम सांगतं की असं हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. तुमच्या मित्राची नियत वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. घरात माणूस गेलं की दहावं-तेरावं होतं, मग सातबाऱ्यावर वारसनोंद, बँकेचं खातं, सोसायटीचं कर्ज. या सगळ्यात कपाटातल्या हत्याराची आठवण कुणालाच राहत नाही. आपल्याकडे फौजी घरं पुष्कळ. माझ्या ओळखीतल्या तीन घरांत हेच झालेलं मी पाहिलंय. पण कायद्याला दुःख दिसत नाही. विनापरवाना हत्यार बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही परवा ते हातात घेतलंत. कृपा करून पुन्हा घेऊ नका. आणि "एकदा मिस्त्रीला दाखवून आणतो" म्हणून ते तुमच्या गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.

यातून बाहेर पडायची वाट सरळ आहे. मित्राने एखाद्या वकिलाला सोबत घ्यावं. मृत्यूचा दाखला, वडिलांचा मूळ परवाना आणि झालेल्या उशिराचं कारण लिहिलेला अर्ज तयार करावा. ठाण्यात आधी कळवून, ते सांगतील त्या पद्धतीने हत्यार जमा करावं आणि पोच घ्यावी. पोचेवर हत्याराचा नंबर स्पष्ट लिहून घ्यावा. जमा झालं म्हणजे हत्यार गेलं असं होत नाही. वारसाला ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या नावाने परवाना घेऊन ते परत मिळवता येतं, किंवा ज्याला ते बाळगायचा हक्क आहे अशा माणसाला विकून पैसे घेता येतात. म्हणजे साडेसहा लाखांचा व्यवहार व्हायचाच असेल तर तो या दारातून होईल. तोवर इसार म्हणून एक रुपयाही देऊ नका. कागद झालेला नसताना दिलेला इसार उद्या दोघांच्याही गळ्यात येतो, आणि शाळेपासूनची मैत्री पैशापायी तुटते.

दुसरी अडचण तुमच्या बाजूची आहे. तुमच्याकडे दोन हत्यारं आहेत. २०१९ च्या डिसेंबरपासून एका माणसाला दोनच बाळगता येतात, पूर्वीसारखी तीन नाहीत. मॅग्नम घ्यायचं तर दुनळी तरी सोडावी लागेल, नाहीतर .३२ तरी. आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला परस्पर विकायचं असेल तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं, असा नियम आहे. आजोबांची दुनळी विकायला तुम्ही तयार आहात का? पत्रात तुम्ही तिचा उल्लेख "आजोबांची" असा केलाय, म्हणून विचारतो. हौसेच्या भरात विकलेली आजोबांची बंदूक परत कुठल्याच दुकानात मिळत नाही.

बोअरचंही, म्हणजे नळीच्या मापाचंही बघा. जे रिव्हॉल्व्हर .३८० किंवा .४५५ चं, बुडाला काठ असलेलं काडतूस घेऊ शकतं, ते आपल्याकडे प्रतिबंधित, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या बोअरमध्ये धरतात. .३५७ मॅग्नम त्याहून वेगळं, जास्त ताकदीचं काडतूस आहे, पण नळीवर काय कोरलंय, मित्राच्या वडिलांच्या परवान्यावर काय लिहिलं होतं आणि तुमच्या परवान्यावर काय चढेल, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात. वडिलांच्या परवान्यावर नुसतं ".३८" असं लिहिलेलं असेल तर तिथंच थांबा आणि कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र शाखेत विचारा.

आता बांधावरच्या निशाणेबाजीचं. इथं मला तुम्हाला कळकळीने सांगायचंय.

.३५७ ची गोळी वर झोकली तर दीड-दोन किलोमीटर सहज जाते. ऊस तिला अडवत नाही. बांध दगडाचा असेल तर ती उसळी मारून भलतीकडेच जाते. आणि ऊस रिकामा कधीच नसतो. नोव्हेंबरपासून तोडीच्या टोळ्या फडात असतात. बाई मोळ्या बांधत असते आणि तिचं पोरगं सरीत पाचटावर निजलेलं असतं. लांबून बघाल तर फक्त हिरवं रान दिसतं. मी फायरिंगच्या मैदानावर हजारो फैरी झाडलेल्या पाहिल्यात. मागे गोळ्या अडवणारा मातीचा उंच बट, पुढे लाल झेंडा, सगळीकडे पहारेकरी, एवढं असूनही आमची छाती धडधडायची. तुमच्या बांधावर यातलं काहीच नाही. शिवाय परवान्याच्या अटींचा भंग आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हे दोन्ही गुन्हे आहेत. तुमचा तालुका सागरेश्वर अभयारण्याच्या पायथ्याचा. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाला वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाखाली वेगळी नोंद करावी लागते. तुमची झालीय का, तेही तपासून घ्या.

राहिली रेंज. आपल्याकडच्या बहुतेक रेंज दहा मीटरच्या एअर पिस्तूल-रायफलसाठी असतात. पन्नास आणि पंचवीस मीटरला .२२ चालतं. पंचवीस मीटरला मोठ्या बोअरची सेंटर फायर पिस्तूल स्पर्धा असते, पण तिच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच मॅग्नम काडतुसाला मनाई आहे. म्हणून रिव्हॉल्व्हर बघायच्या आधी रेंज बघा. जिथं जायचं ठरवाल तिथं लेखी विचारा: "माझं स्वतःचं .३५७ मॅग्नम इथं चालेल का, बट किती बोअरचा, माझी काडतुसं आणायची का?" "बघू, या तर खरं" असं तोंडी उत्तर मिळालं तर ते नकार समजा. पलूसहून पुण्याच्या बालेवाडीला जाऊन परत यायचं म्हणजे अख्खा रविवार जातो, आणि तिथं पोचल्यावर हत्यार आत घेऊ दिलं नाही तर ते घेऊन हॉटेलात जेवायला बसणंसुद्धा जोखमीचं.

हे सगळं जुळलं, कागद झाले, हत्यार विक्रेत्याकडे जमा आहे आणि तुम्ही त्याच्या काउंटरपाशी उभे आहात असं धरून चला. मग बघायचं काय, ते मनापासून सांगतो, कारण इथं माझा जन्म गेलाय.

आधी सिलिंडर उघडा आणि सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपून बघा. विक्रेत्याने तुमच्यासमोर बघितलं असलं तरी तुम्ही स्वतः बघायचं. सिलिंडर उघडलं की त्याच्या दांडीखाली फ्रेमवर मॉडेल नंबर दिसतो. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १९५७ पासून हे नंबर टाकले. त्यांची मोठी फ्रेम म्हणजे 'एन' फ्रेम. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आलं तेच या फ्रेममध्ये. सहा इंची नळीचं रिकामं रिव्हॉल्व्हर सव्वा किलोच्या आसपास भरतं. हे वजनच तुमचा मित्र आहे, धक्का ते पितं. मधल्या फ्रेमच्या .३५७ मध्ये नळीचं मागचं तोंड खालून पातळ घासलेलं असायचं, आणि हलक्या वेगवान गोळ्या खूप झाडल्या की तिथं भेग पडायची. मोठ्या फ्रेममध्ये तिथं लोखंड भरपूर आहे. तरीही बॅटरी घ्या आणि ते तोंड सहाच्या काट्याच्या जागेवर नीट बघा. केसाएवढी रेघ दिसली तर नमस्कार करून बाहेर पडा.

नंतर लॉक. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश चढवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला हलका अडसर द्या. घोडा पुरता चढायच्या आत सिलिंडर खाचेत बसल्याचा 'टिक' आवाज यायला हवा. एकदा नाही, सहाही घरांना. पाच घरांना आला आणि सहाव्याला नाही आला, तरी ते रिव्हॉल्व्हर नापास. असं का, ते सांगतो. साधारण तीस वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांचं जुनं परदेशी रिव्हॉल्व्हर आम्ही रेंजवर चालवून बघत होतो. चौथं घर नळीसमोर पुरतं येत नव्हतं. गोळी नळीत शिरताना तिची एक कड तासली गेली आणि ते शिसं शेजारच्या माणसाच्या गालात घुसलं. डोळ्याखाली बोटभर. त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार लागलेली मला आजही दिसते. आम्ही दोघंही हत्यारातले जाणकार म्हणवत होतो आणि घरी बसून सहा वेळा घोडा चढवून बघायचा आळस आम्ही केला होता.

मग घोडा चढवलेला असताना, चापाला हात न लावता, मागून अंगठ्याने त्याला बेताने पुढे रेटा. सुटला, तर सिअर, म्हणजे चढवलेला घोडा अडवून धरणारा आतला भाग, घासलेला आहे. हौशी माणसाने चाप हलका करण्यासाठी आतून कानस फिरवलेली असली की हे होतं. बाजूच्या स्क्रूंची डोकी बघा. ती चावलेली, चौकटीबाहेर गेलेली असतील तर कुणीतरी घरगुती पेचकसाने आत हात घातलाय.

सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट मोजायला खास हत्यार लागत नाही. गॅरेजवाला मोटारसायकलचे टॅपेट सेट करतो ती पात्यांची फीलर गेज खिशात घेऊन जा. साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असेल तर चांगलं. ०.३० चं पातं सहज गेलं तर खर्च आहे. मग सिलिंडर बंद ठेवून पुढे-मागे ढकलून बघा. दर वेळी 'टक टक' वाजत असेल तर मॅग्नमचा मार त्याने भरपूर खाल्लाय. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, फटीच्या बरोबर वर, ज्वाळेने कापलेली बारीक रेघ दिसेल. तिला घाबरू नका, ती थोडी पडते आणि थांबते.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी त्या चामड्याच्या कव्हराची वाटते. साताऱ्याकडचा पावसाळा आणि बंद कपाट. चामडं ओल धरून ठेवतं, आणि लोखंड आतल्या आत खातं. वरून पॉलिश चकाकतं, पण मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या की खाली तांबड्या गंजाची पोपडी निघते. विक्रेत्याला त्या पट्ट्या तुमच्यासमोर काढायला लावा. नळी पुसून स्वच्छ करून उजेडात धरा. आतले पीळदार आटे धारदार हवेत, मधे काळे खड्डे नकोत. सिलिंडरच्या घरांत आतल्या बाजूला एक कडं दिसलं, तर त्यातून आखूड काडतुसं पुष्कळ झाडलीत. साफ केल्यावर ते जात असेल तर हरकत नाही.

दुरुस्तीची वेळ आली तर सुटे भाग कुठून आणणार, हेही त्याच काउंटरवर विचारा. सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करायची वाट अनेक वर्षं बंद आहे. म्हणूनच या रिव्हॉल्व्हरची किंमत लाखांत आहे. अमेरिकेत हीच वस्तू मध्यमवर्गीय हौशी माणूस घेतो. साडेसहा लाखांतला मोठा भाग त्या बंद दाराचा आहे, लोखंडाचा नाही.

काडतुसांचंही तेच. .३२ ची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात बनतात. मॅग्नमची बाहेरची असतात. मिळतील तेव्हा मिळतील आणि एकेक मोजून मिळतील. परवान्यावर वर्षाची आणि एका वेळची मर्यादा लिहिलेली असते, ती काढून बघा. पंचवीस मीटर पिस्तुलाची एक स्पर्धा साठ गोळ्यांची असते. सरावाचा एक रविवार म्हणजे तेवढ्याच. आता तुम्हीच हिशेब घाला की वर्षात किती रविवार तुमच्या वाट्याला येतील. बाहेरदेशी लोक .३५७ मध्ये हलकं .३८ स्पेशल झाडून स्वस्तात सराव करतात. इथं ते तुमच्या परवान्यावर बसतं का आणि दुकानात येतं का, हे विचारल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका.

कानांचं एकच सांगतो. मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही लागतात. तरुणपणी आम्ही कापसाचे बोळे घालून भागवलं. माझ्या डाव्या कानात आज चोवीस तास शिट्टी वाजते, आणि नातीचा बारीक आवाज मला त्या बाजूने ऐकू येत नाही.

तर माझं मत विचाराल तर, हे रिव्हॉल्व्हर तुम्ही घेऊ नये. ते वाईट आहे म्हणून नाही. ते बहुधा चांगलंच असेल. पण तुमची हौस ते बाळगायची नाही, झाडायची आहे, आणि झाडायला जागा नाही, काडतूस नाही.

तुमच्याकडे जे .३२ आहे त्याला तुम्ही पत्रात "संरक्षणाला आहेच" म्हणून बाजूला सारलंत. त्या .३२ चं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. जगभरातले सेंटर फायरचे नेमबाज बहुतेक याच काडतुसाची सपाट डोक्याची गोळी वापरतात. पंचवीस मीटरवर अचूकतेसाठी याच्या तोडीचं फार थोडं आहे. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये आपले नेमबाज जसपाल राणांनी सेंटर फायरमध्ये ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली, ती याच प्रकारात. कानपूरचं रिव्हॉल्व्हर स्पर्धेच्या पिस्तुलासारखं नाही हे खरं, त्याचा चाप जड आहे आणि मूठ लहान. पण जड चापावर ज्याचा निशाणा हलत नाही त्याचा पुढे कशावरच हलत नाही. आम्ही रंगरुटांना हेच शिकवायचो. खोटी काडतुसं घालून, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत, रोज दहा मिनिटं नुसता चाप ओढायचा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. तीन महिने हे करा. नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या दृश्यकाचा माथा चाप सुटताना हलतो की नाही, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

त्यासोबत मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सभासदत्व घ्या आणि .२२ किंवा एअर पिस्तूलवर सुरुवात करा. तुमच्या शेजारचं कोल्हापूर नेमबाजीचं माहेरघर झालंय. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद घेतलं, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला पंचवीस मीटर पिस्तुलात सोनं आणलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य. पलूसहून तासा-दीड तासावर हे शिक्षण आहे. साडेसहा लाखांत तुमची पुढची कित्येक वर्षं, काडतुसं आणि प्रवासासकट, आरामात निघतील. दोन वर्षांनी हात बसला, मॅग्नम चालेल अशी रेंज मिळाली आणि तरीही मन तिथंच असलं, तर मला पुन्हा लिहा. मी स्वतः फीलर गेज घेऊन तुमच्याबरोबर येईन.

एक शेवटचं, तुमच्या घराबद्दल. पत्रात लेकरांचा उल्लेख नाही, पण छत्तीसचं वय म्हणजे घरात पोरं असणार. दुनळी आणि .३२ आज कुठं आहेत? कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या मागे असतील तर आजच लोखंडी तिजोरीची चौकशी करा. ती भिंतीला बोल्टने पक्की करून घ्या. काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. चामड्याच्या कव्हरात ठेवलं असेल तर बाहेर काढा, पुसा, तेलाचा हलका हात द्या आणि सुती कापडात गुंडाळा.

पण ते सगळं संध्याकाळी. आत्ता आधी मित्राला फोन करा आणि वडिलांचा परवाना कुठं ठेवलाय ते शोधायला सांगा. उद्या सकाळी तो आणि वकील ठाण्यात जाऊ देत. हवं तर तुम्ही सोबत जा, बाकावर बसा. त्याला एकट्याला जायला अवघड वाटेल.